क्रूझवर खोली कुठे घ्यावी? (आईला बोट लागते)

मुक्ता_सिॲटल | १२ फेब्रुवारी
नमस्कार मंडळी. आई-बाबा एप्रिलअखेर पुण्याहून येतायत. मे महिन्यात त्यांना घेऊन सिॲटलहून अलास्काची सात रात्रींची क्रूझ करायचं घाटतंय. बाबा ७४, आई ६९. बाबांचा प्रश्न नाही, ते ताम्हिणी घाटात एसटीत बसून शब्दकोडं सोडवतात. प्रश्न आईचा. तिला गाडी लागते, घाट लागतो, एलिफंटाला जाताना लाँच लागली होती, आणि एकदा तर झोपाळ्यावर बसलेल्या भाचीकडे बघूनच लागलं होतं.

आता बुकिंग करायला बसले तर खोल्यांचा नकाशा समोर आलाय. हजारभर चौकोन. एजंटबाई म्हणतात दहाव्या मजल्यावरची पुढची बाल्कनी घ्या, दृश्य अप्रतिम. मैत्रीण म्हणते खालची आणि मधली घे. नवरा म्हणतो एवढ्या मोठ्या जहाजाला काय होतंय, कुठेही झोपा. तिघांपैकी कुणाचं ऐकू? खोलीच्या जागेने खरंच फरक पडतो का, की ही नुसती ऐकीव गोष्ट आहे?

टवाळ_पुणेकर | १२ फेब्रुवारी
नवऱ्याचं सोडून कुणाचंही ऐका.

दर्यावर्दी | १२ फेब्रुवारी
२२ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, सध्या चीफ ऑफिसर. मैत्रीण बरोबर आहे. का ते सांगतो.

जहाज मुख्यतः तीन तऱ्हांनी हलतं. पहिलं पिचिंग, म्हणजे नाक वर आणि शेपूट खाली, मग उलट. बागेतला सीसॉ आठवा. टोकाला बसलेल्या पोराचा जीव वरखाली होतो, मधल्या दांड्याजवळ उभं असलेलं पोर जागचं हलत नाही. जहाज ३०० मीटर लांब असेल तर टोकाच्या खोलीतला माणूस त्या पोरासारखाच कित्येक मीटर वरखाली होत असतो. म्हणून खोली लांबीच्या मधोमध हवी.

दुसरं रोलिंग, डावी-उजवीकडे कलणं. वाऱ्यात पोफळ बघा. शेंड्याची नुसती घालमेल चाललेली असते, बुंध्याशी मुंगीसुद्धा निवांत चढत असते. म्हणून खोली खाली हवी, पाण्याच्या पातळीला जेवढी जवळ तेवढी बरी.

तिसरं हीव्हिंग, सगळं जहाजच लिफ्टसारखं वर जातं आणि बसतं. यावर कुठल्याच खोलीचा उतारा नाही.

क्रूझ जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात. जाहिरातीत त्यांचा मोठा गाजावाजा असतो, पण ते फक्त रोलिंग कमी करतात. पिचिंगला त्यांचा उपयोग नाही. आणि जहाज वेगात असेल तरच ते नीट काम करतात. तेव्हा एजंटबाईंनी सुचवलेली दहाव्या मजल्यावरची पुढची खोली म्हणजे सीसॉचं टोक आणि पोफळीचा शेंडा, दोन्ही एकदम.

टवाळ_पुणेकर | १२ फेब्रुवारी
म्हणजे जहाजातही मध्यवस्तीत जागा पाहिजे. भाव सदाशिव पेठेचा असणार.

काटकसर | १२ फेब्रुवारी
उलट आहे हो. सदाशिव पेठ, पण भाव आंबेगाव खुर्दचा! खालच्या मजल्यावरच्या मधल्या खोल्या बाल्कनीपेक्षा बऱ्याच स्वस्त असतात, कारण तिथे फक्त खिडकी, तीही न उघडणारी. आणि आतली, बिनखिडकीची खोली घेतली तर त्याहून स्वस्त. आम्ही तीन क्रूझ केल्या, तिन्ही आतल्या खोलीत. खोलीत फक्त झोपायला तर जायचं.

निळाई | १३ फेब्रुवारी
काटकसर, कडाडून असहमत. बोट लागणाऱ्या माणसाला बिनखिडकीच्या खोलीत कोंडणं म्हणजे शिक्षा आहे. नॉर्वेच्या ट्रिपला पैसे वाचवायला आम्ही आतली खोली घेतली होती. साऊदॅम्प्टनहून निघालो, उत्तर समुद्रात लागलो आणि रात्री जहाज हलायला लागलं. दिवा बंद केला की मिट्ट काळोख, वर-खाली कळेना, हँगरला अडकवलेला टॉवेल मात्र भिंतीपासून वीतभर सुटून पुन्हा चिकटत होता. तो टॉवेल मी आयुष्यात विसरणार नाही. शेवटी पहाटे चारला ब्लँकेट घेऊन उघड्या डेकवर जाऊन बसले, क्षितिज दिसायला लागलं तेव्हा अर्ध्या तासात माणसात आले. त्यानंतर कायम बाल्कनी. मुक्ता, बाल्कनीच घे, खर्चाकडे बघू नकोस.

काटकसर | १३ फेब्रुवारी
टॉवेलकडे बघायचं नाही, डोळे मिटायचे. अंधारात आडवं पडून डोळे मिटले की आम्हाला तरी काहीच होत नाही.

कानगोष्टी | १३ फेब्रुवारी
मी कान-नाक-घसा वाली. तुमच्या भांडणात दोघांचंही बरोबर आहे, म्हणून मध्ये पडते.

आतल्या कानात तोल सांभाळणारं यंत्र आहे. ते मेंदूला सांगतं ‘आपण हलतोय’. डोळे खोलीच्या भिंती बघून सांगतात ‘छे, सगळं स्थिर आहे’. या उलटसुलट साक्षीने मेंदू गोंधळतो आणि पोटात ढवळायला लागतं. म्हणून उपाय दोनच: एक तर डोळ्यांना कानाशी सहमत करा (क्षितिज बघा, निळाईची बाल्कनी), नाहीतर डोळ्यांची साक्षच काढून टाका (डोळे मिटून आडवे व्हा, काटकसर यांची खोली). सगळ्यात वाईट म्हणजे मधला मार्ग: बंद खोलीत बसून फोन वाचणे.

आणखी एक. सगळ्या हालचाली सारख्या बाधत नाहीत. साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा, अशी संथ वरखाली गती सगळ्यात त्रासाची. भरभर थरथरणाऱ्या गोष्टीने मळमळत नाही. त्यामुळे ‘इंजिनाची थरथर लागते’ हा गैरसमज आहे. डिझेलचा वास मात्र नक्की भर घालतो.

वयाचं म्हणाल तर दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हे सगळ्यात जास्त होतं, पुढे वयाप्रमाणे कमी होत जातं. आईंचा एलिफंटाचा किस्सा कधीचा आहे?

मुक्ता_सिॲटल | १३ फेब्रुवारी
१९९४ चा! पण आई तो असा सांगते की परवाचाच वाटावा.

हर्णैकर | १३ फेब्रुवारी
शीर्षकात ‘बोट लागते’ वाचलं आणि राहवलं नाही. आताच्या पोरांना गाडी लागते, पण मूळ शब्द कोकणी माणसाने बोटीवरच मिळवलाय असं माझं मत. (पुरावा नाही, अभिमान आहे.)

भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची बोट आठवते का कुणाला? हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत खाली पणजीपर्यंत जायची, पावसाळ्यात बंद. लहानपणी मे महिन्यात आज्जीबरोबर हर्णैला जायचो. आज्जीच्या कनवटीला आलेपाकाची पुडी आणि हातात लिंबू. लिंबू हुंगायचं, खायचं नाही. चढल्या चढल्या ती वळकटी घेऊन खालच्या डेकवर बरोब्बर मधली जागा धरायची. कुणी नाळीकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, वाऱ्याला जाऊन बसलं की म्हणायची, ‘जाऊंदे, हर्णैपर्यंत सगळं बाहेर येईल.’ आणि यायचंच. दर्यावर्दींचा सीसॉ तिला कुणी शिकवला नव्हता.

खरी मजा पुढे. हर्णैला बोट धक्क्याला लागायची नाही, लांब समुद्रात उभी राहायची. मग पडावात, म्हणजे लहान होडीत उतरायचं. बोटीवर रात्रभर तग धरलेली माणसं त्या पडावात दहा मिनिटांत आडवी व्हायची. होडी जेवढी लहान तेवढी लाट मोठी.

दर्यावर्दी | १३ फेब्रुवारी
आज्जींना सलाम. शेवटचं वाक्य तर आम्हाला वर्गात शिकवतात. लाटेच्या लांबीपेक्षा जहाज बरंच लांब असेल तर ते दोन-तीन लाटांवर एकदम आडवं पडून राहतं, हलत नाही. लांबच्या वादळातून येणारी लांबलचक लाट, जिला आम्ही स्वेल म्हणतो, ती मात्र मोठ्या जहाजालाही उचलते. त्यामुळे मुक्ताताईंच्या यजमानांचं निम्मं बरोबर.

टवाळ_पुणेकर | १३ फेब्रुवारी
नवऱ्याचं निम्मं बरोबर निघालं. आज धाग्यावर पेढे.

पासपोर्टवाली | १४ फेब्रुवारी
थोडं अवांतर पण फार महत्त्वाचं. सिॲटलहून निघणाऱ्या अलास्का क्रूझ जाता-येता एकदा कॅनडात थांबतात, बहुतेक शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरियाला. ही हौस नाही, कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून सुटून, मध्ये परदेशी बंदर न घेता परत तिथेच माणसं उतरवता येत नाहीत. आई-बाबांचे पासपोर्ट भारतीय असतील तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा काढावा लागेल, आणि अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री आहे ना तेही बघा. ‘आम्ही जहाजातून उतरणारच नाही’ हे चालत नाही. ऐन बोर्डिंगला परत पाठवलेली कुटुंबं पाहिलीत. खोली मधली की पुढची हा प्रश्न मग उरतच नाही.

मुक्ता_सिॲटल | १४ फेब्रुवारी
बाप रे. हे एजंटबाईंनी अवाक्षरानेही सांगितलं नाही!! आजच अर्ज करते. पासपोर्टवाली, तुम्हाला शंभर मोदक.

फिरस्ता_बीसी | १४ फेब्रुवारी
मी व्हँकुव्हरचा. कॅनडाचा व्हिसा काढताच आहात, तर व्हँकुव्हरहूनच का निघत नाही? माझ्या मते या धाग्यावर सगळे चुकीच्या नकाशात डोकं घालून बसलेत. जहाजाचा नकाशा मिटा, समुद्राचा उघडा.

सिॲटलची जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. पहिल्या रात्री हुआन दे फुका सामुद्रधुनीतून बाहेर पडलं की दुसरा अख्खा दिवस डावीकडे जपानपर्यंत अडवायला काही नाही. व्हँकुव्हरची जहाजं बेटाच्या आतल्या बाजूने, इनसाइड पॅसेजमधून जातात. दोन्हीकडे डोंगर, पाणी तळ्यासारखं. क्वीन शार्लट साऊंड आणि डिक्सन एन्ट्रन्स या दोन ठिकाणी तेवढे काही तास उघडा समुद्र लागतो. वर अलास्कात पोचल्यावर दोघांचं सारखंच, जूनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे सगळं खाड्यांच्या आत.

आणि एकेरी क्रूझ घेऊन सूअर्ड किंवा व्हिटियरला उतरू नका, त्यात अलास्काचं आखात ओलांडावं लागतं. मे महिना निवडलात ते बरं, सप्टेंबरात हाच समुद्र वेगळा असतो.

दर्यावर्दी | १४ फेब्रुवारी
फिरस्ता यांना अनुमोदन. मार्ग आधी, महिना नंतर, खोली तिसरी. हे मीच पहिल्यांदा लिहायला हवं होतं.

लाल_डबा | १४ फेब्रुवारी
अहो पण आमच्यासारख्यांसाठी काही सांगा. आम्ही डिसेंबरात मुंबईहून कॉर्डेलियाने लक्षद्वीपला गेलो होतो. समुद्र इतका गप्प की रात्री जहाज चाललंय का हे बघायला मी बाहेर जाऊन आलो. मला वरंधा घाटात हमखास उलटी होते, तिथे दोन वेळा बुफे हाणला. खोली कुठे होती तेही आठवत नाही.

दर्यावर्दी | १४ फेब्रुवारी
डिसेंबर-जानेवारीत अरबी समुद्र ताटातल्या पाण्यासारखा असतो. तोच जुलैत बघा, मग खोली जन्मभर लक्षात राहील.

शेवंती | १५ फेब्रुवारी
औषधांवर कुणीच बोललं नाही. आमच्याकडे अ‍ॅव्होमिन शिवाय पान हलत नाही. सासूबाई तर लोणावळ्याला जातानाही घेतात आणि खंडाळ्याचं सौंदर्य झोपेत बघतात.

आलेपाक_प्रेमी | १५ फेब्रुवारी
माझ्या नावातच औषध आहे.

कानगोष्टी | १५ फेब्रुवारी
आलं थोडंफार काम करतं, निरुपद्रवीही आहे. मनगटाच्या पट्ट्यांबद्दलचे पुरावे उलटसुलट आहेत, पण ज्यांचा विश्वास आहे त्यांनी खुशाल बांधाव्यात.

गोळ्यांचं मुख्य सूत्र हे, की त्या आधी घ्यायच्या. मळमळायला लागल्यावर पोट पुढे ढकलायचं काम थांबवतं, गोळी तिथेच पडून राहते किंवा परत येते. अ‍ॅव्होमिन प्रवासाआधी तास-दोन तास, लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना. झोप येते हा तिचा दोष, पण रात्री तोच गुण. अमेरिकेत मेक्लिझिन चिठ्ठीशिवाय मिळतं, त्याने झोप थोडी कमी येते. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच तीन दिवस चालतो, त्याला मात्र डॉक्टरची चिठ्ठी लागते.

आता कृपया नीट वाचा. काचबिंदू असेल, प्रोस्टेटमुळे लघवी अडकत असेल, तर यांतली बरीच औषधं स्वतःच्या मनाने घ्यायची नाहीत. सत्तरीत या पॅचने काहींना भ्रमासारखंही होतं. मुक्ता, आईंच्या डॉक्टरांना सगळ्या चालू गोळ्या सांगून तिकडूनच विचारून घे. आणि कुठलीही नवी गोळी आधी घरी एकदा घेऊन बघावी, जहाजावर पहिला प्रयोग नको.

अभिमानी_वाचक | १५ फेब्रुवारी
अवांतर: इंग्रजीतला मळमळीचा ‘नॉशिया’ हा शब्द ग्रीक ‘नाउस’ म्हणजे जहाज, त्यावरून आलाय. म्हणजे ग्रीकांनाही बोटच लागायची. हर्णैकरांचा अभिमान थोडा वाटून घ्यावा लागेल.

हर्णैकर | १५ फेब्रुवारी
ग्रीकांनी पडाव कुठे पाहिलाय.

अभिमानी_वाचक | १५ फेब्रुवारी
आणि अ‍ॅडमिरल नेल्सनलाही लागायची. डार्विन तर बीगल जहाजावरच्या पाच वर्षांच्या सफरीत लागली की हॅमॉकमध्ये आडवा पडून मनुका खायचा. मुक्ताताई, आईंना सांगा, मोठ्या माणसांनाच लागते.

सामानसुमान | १६ फेब्रुवारी
क्रूझचा शौक आहे, नऊ झाल्या. काही व्यवहाराच्या गोष्टी, ज्या नकाशात लिहिलेल्या नसतात.

‘गॅरंटी’ नावाचा स्वस्त दर दिसेल, त्यात खोली कंपनी ठरवते. बोट लागणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, ती खोली बहुधा कुणालाच नको असलेली असते. नकाशात आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते बघायचं. दोन्हीकडे खोल्याच असाव्यात. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे पाचला खुर्च्या सरकवायला सुरुवात होते, खाली थिएटर किंवा बार असेल तर रात्री एकपर्यंत धडधड. अगदी खालच्या मजल्यावर पुढच्या टोकाला बंदरात शिरताना थ्रस्टरचा (जहाज आडवं सरकवणारा पंखा) आणि नांगराचा असा आवाज येतो की माणूस उठून लाइफजॅकेट शोधतो. मधल्या काही खोल्यांच्या खिडकीबाहेर लाइफबोट टांगलेली असते, तिथे ‘ऑब्स्ट्रक्टेड’, म्हणजे दृश्य अडलेलं, असं बारीक लिहिलेलं असतं.

डावी बाजू की उजवी यावर लोक पानंच्या पानं लिहितात. ग्लेशियर बेमध्ये जहाज हिमनदीसमोर जागच्या जागी वळवतात, दोन्ही बाजूंना दिसतं. सोडून द्या.

आणि लिफ्टपाशी कागदी पिशव्या ठेवलेल्या दिसल्या की समजायचं, कप्तानाला काहीतरी कळलंय.

शेवंती | १६ फेब्रुवारी
तो पिशव्यांचा मुद्दा वाचून मलाच कोरडे उमासे आले.

मुक्ता_सिॲटल | १८ फेब्रुवारी
ठरलं एकदाचं. फिरस्ता, तुमचं शंभर टक्के पटलं, पण गाडीने तीन तास, बॉर्डरची रांग आणि बाबांचे गुडघे हे गणित जमेना. शिवाय व्हँकुव्हरच्या आमच्या तारखा भरलेल्या. तेव्हा सिॲटलच. आई-बाबांना चौथ्या मजल्यावर, बरोब्बर मधोमध, खिडकीवाली खोली. आम्हाला नवव्यावर, मधलीच, पण बाल्कनी. दिवसा हवा खायला आईने आमच्याकडे यायचं, रात्री खाली. दोन्ही पक्षांना खूश केलंय. एजंटबाई नाराज आहेत.

टवाळ_पुणेकर | १८ फेब्रुवारी
आणि नवरा?

मुक्ता_सिॲटल | १८ फेब्रुवारी
तो आता प्रत्येक वाक्यात ‘चीफ ऑफिसर म्हणाले निम्मं बरोबर’ असं घालतो.

मुक्ता_सिॲटल | २ जून
धागा वर काढते, वृत्तांत देणं लागते.

व्हिसा वेळेत आला. गोळी आईच्या डॉक्टरांना विचारून, घरी एकदा घेऊन बघितली. पहिली रात्र आई गाढ झोपली. मध्यरात्रीनंतर जहाज हलायला लागलं होतं. आम्ही नवव्या मजल्यावर जागे, कपाटाचं दार आपोआप उघड-मीट. सकाळी खाली गेलो तर चौथ्या मजल्यावर बाबा नॅपकिनवर शब्दकोडं आखत बसलेले आणि आई म्हणतेय, ‘सुटलं का जहाज?’ मला वाटलं जिंकलो.

मग आम्ही जेवायला गेलो. आणि इथे या धाग्यावर कुणालाच न सुचलेली गोष्ट लक्षात आली. खोली मधली घेतली, पण दिवसभर माणूस खोलीत असतो कुठे? आमच्या जहाजाचं मुख्य जेवणघर अगदी मागच्या टोकाला. बुफे मागेच, पण वरच्या मजल्यावर. आणि नाटक-गाण्यांचं थिएटर अगदी पुढच्या टोकाला. म्हणजे झोपायला सीसॉचा मधला दांडा आणि जागेपणी या टोकावरून त्या टोकावर! त्या संध्याकाळी जेवणघरात खिडकीशी टेबल मिळालं म्हणून मी खूश, तर सूप आलं तसं आईच्या कपाळावर घाम. सूप वाटीत एकदा इकडच्या काठाला, एकदा तिकडच्या. उठलो, तिला मधल्या चौकातल्या कॅफेत आणलं, वीस मिनिटांत ठीक. मग तिने तिथेच टोस्ट आणि घरून आणलेला मेतकूट-भात खाल्ला. (कॅफेवाल्या मुलाने गरम पाणी आणून दिलं, फिलिपिनो होता, आईने त्यालाही मेतकूट दिलं. त्याने मान डोलावून खाल्लं.) रात्रीचा कार्यक्रम बाबांनी एकट्याने बघितला.

तिसऱ्या दिवशी आतल्या पाण्यात शिरलो आणि सगळं शांत. ग्लेशियर बेला आई आमच्या बाल्कनीत सहा तास बसून होती, शाल गुंडाळून. परतीच्या उघड्या समुद्राच्या दिवशी शहाण्यासारखे तीनही वेळा मधल्या कॅफेतच जेवलो.

दर्यावर्दी | २ जून
हे मान्य, माझं चुकलं. आमच्या मालवाहू जहाजांवर राहणं, जेवण, काम सगळं एकाच इमारतीत, तेही मागच्या बाजूला. कुठे जेवायला जायचं हा प्रश्नच आम्हाला पडत नाही, म्हणून सुचलं नाही. पुढच्या वेळी जेवणाचं टेबल मागताना आधीच सांगा, जेवणघराच्या पुढच्या दाराशी, खालच्या मजल्यावर द्या म्हणून. तेवढेच वीस-तीस मीटर मध्याकडे.

सामानसुमान | २ जून
नऊ क्रूझ करून हे मला सुचलं नाही. नकाशात आता खोलीबरोबर जेवणघरही बघायचं.

कानगोष्टी | ३ जून
उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटली का आईंना? एक-दोन दिवस वाटणं साहजिक आहे. आठवडे टिकलं तर मात्र दाखवा.

मुक्ता_सिॲटल | ३ जून
दीड दिवस वाटत होतं, स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. आता ठीक आहे. काल पुण्याला मावशीशी फोनवर बोलत होती. मावशीने विचारलं, बोट लागली का गं? तर म्हणते, ‘बोट नाही लागली. जेवायची खोली लागली.’

नवा_भिडू | ५ जून
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण आम्ही पण जातोय ऑगस्टमध्ये. पुढची बाल्कनी चांगली असते ना?